काना सुटा ठेवायचा की चिकटलेला?

पुठ्ठ्याचा तुकडा नेमका कशाचा कापायचा, इथंच घोडं अडलं. हिंडलगा ओलांडून वेंगुर्ला रस्त्यानं पुढं गेलं की जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावच्या वाचनालयानं उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी शब्दखेळांचे वर्ग घ्यायचं ठरवलं होतं. मी बेळगावात एका छापखान्याची प्रुफं तपासते. अक्षरांशी रोजचीच झटापट, म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं. खेळ निवडला तो अगदी जुना: एका शब्दाची अक्षरं विस्कटायची आणि त्यांतून दुसरा शब्द उभा करायचा. इंग्रजी शाळेतली मुलं याला अ‍ॅनाग्रॅम म्हणतात. फळ्यावर हा खेळ रंगत नाही. अक्षरं हातानं सरकवता आली पाहिजेत, तरच मुलं त्यावर तुटून पडतात. म्हणजे तुकडे करणं आलं.

इंग्रजीचं बरं आहे, सव्वीस अक्षरं, सव्वीस तऱ्हेचे तुकडे, संपलं. मराठीत 'पालक' लिहायचं तर तुकडे किती? पा, ल, क असे तीन? की प, काना, ल, क असे चार? प्रश्न चिल्लर वाटतो, पण यावर सगळा खेळ ठरतो. तीन तुकडे केले तर 'पालक'मधून 'कपाल' निघतं. 'मालक'मधून 'कमाल' आणि 'कलमा'. 'करता' उलटा केला की 'तारक'. 'रकम' फिरवली की 'मकर', अजून फिरवली की 'कमर'. 'वारस'चा 'सवार' होतो. दोन अक्षरांची तर जत्राच भरते: कडा नि डाक, नदी नि दीन, रवी नि वीर, पसा नि साप. पण 'गाजर'मधून 'गजरा' काही निघत नाही, कारण 'गा' हा एकच तुकडा आणि त्याचा काना दुसऱ्या कुणाला देता येत नाही. चार तुकडे केले, काना सुटा केला, की गाजर, गजरा, जागर तिन्ही एकाच मुठीत येतात.

मी दोन्ही याद्या करून बघितल्या. अख्ख्या अक्षरांची यादी लवकर आटली. सुट्या कान्याची यादी वाढतच गेली, पण तिच्यातले जोड्यांतले शब्द एकमेकांसमोर ठेवले तरी चटकन पटत नव्हते. 'कातर' आणि 'करता' हे सख्खे भाऊ आहेत, हे डोळा मान्यच करीत नाही.

मग आमच्या गल्लीत राहणाऱ्या कंपोझिटर काकांकडं गेले. छापखान्यात ऑफसेट येण्याआधी त्यांचा हात खिळ्यांच्या (छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) खणांच्या पेटीवर चालायचा, म्हणजे अगदी न बघता. त्यांना प्रश्न सांगितला तर ते हसायलाच लागले. "ह्यात इचारण्यासारखं काय हाय की ओ? काना म्हणजे स्वतंत्र खिळा. 'नवरा' जुळवला तर न, व, र आणि एक काना. चार खिळे. तेच चार उचलून 'वानर' जुळवा, एक बी खिळा जास्त लागत न्हाई." काकू आतून चहा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी खिळे कशाला पायजेत? आम्हाला ते लग्न झाल्यापास्नं ठाऊक हाय."

नवरा आणि वानर ही जोडी मी नंतर बराच वेळ घोळवत बसले. अख्ख्या अक्षरांनी बघितलं तर त्यांचं काही नातं नाही. खिळ्यांनी बघितलं तर चारही खिळे तेच. आणि कानानं ऐकलं तरी हिशेब जुळतो. मराठीत आपण 'नवरा' म्हणताना 'व'मधला अ गिळतो आणि 'वानर' म्हणताना शेवटच्या 'र'मधला. दोन्हीकडं उच्चारात उरतात ते न, व, र, एक अ आणि एक आ. शब्दाचे तुकडे किती, याचं उत्तर तो बघणारा, जुळवणारा आणि ऐकणारा अशा तिघांकडं वेगवेगळं असतं, हे माझ्या प्रुफं तपासणाऱ्या डोक्यात इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं.

आपल्याकडचे जुने लोक यात काय करीत होते ते बघायला लागले तर तिथंही दोन पंथ. १६व्या शतकात गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या दैवज्ञ सूर्य पंडितांनी एक विलोमकाव्य लिहिलं. सरळ वाचलं की रामाची कथा, प्रत्येक श्लोक शेवटाकडून उलटा वाचला की कृष्णाची. त्याची सुरुवात आहे 'तं भूसुतामुक्तिमुदारहासं', आणि उलट्या दिशेनं येताना मिळतं 'संहारदामुक्तिमुतासुभूतम्'. यात 'मुक्तिमु' बघा. उलटं करूनही ते 'मुक्तिमु'च राहिलं, कारण 'क्ति' हे जोडाक्षर पंडितजींनी फोडलेलं नाही, अख्खंच्या अख्खं उचलून ठेवलंय. अनुस्वाराला मात्र ते थोडी मोकळीक देतात. म्हणजे कवींचा कौल अख्ख्या अक्षराला. आपली 'रामाला भाला मारा', 'ती होडी जाडी होती', 'टेप आणा आपटे' ही सगळी उलटसुलट वाक्यंसुद्धा त्याच पंथातली.

व्याकरणवाले मात्र दुसऱ्या बाजूला. पतंजलीच्या महाभाष्यात वर्णांच्या अदलाबदलीचं उदाहरण आहे, 'हिंसेः सिंहः'. हिंसा करणारा तो सिंह. इथं 'हिं' हे अख्खं अक्षर उचलून मागं नेलेलं नाही. तसं केलं असतं तर 'सहिं' झालं असतं. वेलांटी आणि अनुस्वार आपल्या जागी बसून राहिले आणि फक्त ह नि स यांनी खुर्च्या बदलल्या. आपल्या तोंडातही नेमकं हेच होतं. लखनौचं नखलौ होतं तेव्हा 'नौ' पुढं जात नाही. शेवटचा औ जागच्या जागी, ल आणि न तेवढे बदलतात. गावाकडं मतलबचं मतबल होतं ते तसंच. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात विल्यम स्पूनर नावाचे एक गृहस्थ होते (१८४४–१९३०). बोलताना शेजारच्या दोन शब्दांची पहिली व्यंजनं अदलून टाकण्यावरून असल्या गफलतीला त्यांचंच नाव पडलं. त्यांच्या नावावर खपणारे बरेच नमुने विद्यार्थ्यांनी रचलेले असणार, पण नाव टिकलं. जीभ घसरते तेव्हा व्यंजनाच्या जागी व्यंजन जातं आणि स्वराच्या जागी स्वर. व्यंजन आणि स्वर एकमेकांच्या जागा सहसा घेत नाहीत.

म्हणजे डोळा अख्खं अक्षर धरतो आणि जीभ नुसतं व्यंजन उचलते. एवढं कळल्यावर मी तोडगा काढला: काना तेवढा सुटा. वेलांट्या, उकार, मात्रा, जोडाक्षरं सगळी चिकटलेली. याला एक साधं कारणही होतं. ऱ्हस्व वेलांटी सुटी केली तर ती अक्षराच्या आधी ठेवावी लागते आणि बोलताना मात्र नंतर येते. पहिली-दुसरीच्या पोरांना तिथं घोळ होतो. उकाराला टेबलावर खाली लोंबायला जागा नसते. काना बिचारा सरळ उभा, कुणाच्याही शेजारी राहतो.

आता कुठलं अक्षर किती वेळा लागणार? स्क्रॅबलचा खेळ शोधणारे अल्फ्रेड बट्स हे मंदीच्या काळात बेकार झालेले न्यूयॉर्कचे आर्किटेक्ट. त्यांनी वर्तमानपत्राची पानं घेऊन कुठलं अक्षर किती येतं ते मोजलं होतं. मीही रविवारच्या पेपरातला एक अग्रलेख घेऊन पेन्सिलीनं रेघा मारत बसले. काना सगळ्यांच्या कितीतरी पुढं निघाला, मग र, त, क, ल, न ही मंडळी. ञ आणि ङ यांचे तुकडे कापलेच नाहीत. खडेबाजारातल्या एका साडीच्या दुकानानं रिकामे खोके दिले, छापखान्यातल्या कटिंग मशीनवर ते कापून घेतले, काही तुकडे कोरे ठेवले. वेळेला लागेल ते अक्षर पेन्सिलीनं लिहायचं, खोडायचं.

ऱ्हस्व-दीर्घाचा तिढा शेजारच्या टीचरनी सोडवला. त्या कन्नड शाळेत शिकवतात, मराठी घरच्यासारखं बोलतात. त्यांना उलटसुलट वाक्यं दाखवली तर म्हणाल्या, "आमच्याकडं ह्याचा राजा एकच, विकटकवि." तेनालीरामाला हे नाव देवीनं दिलं, अशी गोष्ट सगळ्या दक्षिणेत सांगतात. वि, क, ट, क, वि. दोन्हीकडून तेच, कुठं टाचणीएवढी फट नाही. तेच मराठीत लिहायला गेलं की शेवटचं अक्षर दीर्घ करावं लागतं, विकटकवी, आणि पहिलं ऱ्हस्व, शेवटचं दीर्घ असं लंगडं होऊन बसतं. प्रुफं तपासणारी म्हणून मला हा नियम मोडवेना. पण आपलं 'चिमा काय कामाची' तरी कुठं सरळ आहे? एक चि ऱ्हस्व, एक दीर्घ. 'तो कवी डालडा विकतो' यातही तेच. मराठी माणसानं ही सूट केव्हाच घेऊन टाकलेली आहे. मीही घेतली: खेळात ऱ्हस्व-दीर्घ एकच.

वर्ग सुरू झाला. मुलांमध्ये मराठी शाळेतली होती, कन्नड शाळेतली होती, बेळगावला इंग्रजी शाळेत जाणारीही होती. घरी सगळीच मराठी बोलणारी. पहिलं कोडं अवघड द्यायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, आणि त्यामागं एक वाचलेली गोष्ट होती. १९७५ साली हिरोटो आणि सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना आधी अशी कामं दिली की ज्यांत काही केलं तरी उपयोग नाही: थांबवता न येणारा गोंगाट किंवा मुळात उत्तरच नसलेली कोडी. मग विस्कटलेल्या शब्दांची कोडी दिली. ती सगळी एकाच क्रमानं विस्कटलेली होती, क्रम ध्यानात आला की पुढची भराभर सुटावीत. आधी हात टेकायची वेळ आलेले विद्यार्थी इथंही मागं पडले. सुटण्याजोगी कोडीसुद्धा त्यांना सुटेनात. आपल्या शाळांत गणिताच्या तासाला हा प्रयोग रोज होतो, फक्त कुणी त्याची नोंद ठेवत नाही. म्हणून माझ्या वर्गात सुरुवात 'नका–कान', 'सदा–दास'नं. सगळ्यांचे हात वर गेल्यावरच पुढं.

दुसरी एक गोष्ट मात्र वाचलेली असूनही मला खरी वाटत नव्हती. १९६५ साली एक्स्ट्रँड आणि डॉमिनोव्स्की यांनी दाखवलं होतं की विस्कटलेली अक्षरं निरर्थक असतील तर कोडं लवकर सुटतं, आणि ती स्वतःच एक अर्थाचा शब्द असतील तर अडतं. मी एका गटाला 'ल क मा' असे तुकडे मांडून दिले, दुसऱ्या गटाला 'मा ल क'. इथं खेळ अख्ख्या अक्षरांचा होता, काना 'मा'ला चिकटवून ठेवलेला. पहिल्या गटानं 'कमाल' झटक्यात काढलं. दुसरा गट 'मालक'कडं बघत बसला. एक मुलगा तर म्हणाला, "मॅडम, हे तर झालंच की." शब्दाला अर्थ असला की तो मोडायला मन तयार होत नाही. एकीनं शेवटी तुकडे हातानं उलथेपालथे करून मोडले, मग दिसलं.

याचा अस्सल सीमाभागातला नमुना मात्र कुठल्या पुस्तकात नव्हता. तुकडे होते 'म' आणि 'ने'. उत्तर 'नेम'. मराठी शाळेतल्या पोरांनी लगेच सांगितलं. कन्नड शाळेतली दोघं-तिघं थबकली, कारण कन्नडमध्ये मने म्हणजे घर. त्यांच्या डोळ्यांसमोर बांधलेलं घर उभं, ते पाडायचं कसं? तसंच 'मर'चं. मराठीच्या पोरांना तो शब्द दिसला की हसू फुटायचं, एकमेकांकडं बोटं दाखवून 'मर, मर' सुरू. कन्नडवाल्यांना त्यात झाड दिसत होतं. 'रम' हे उत्तर दोन्ही गटांना उशिरा सापडलं, पण अडण्याची कारणं अगदी निराळी. एरवी दोन लिप्या डोक्यात असलेली ही पोरं शब्द फिरवण्यात तरबेज दिसली. पाटीवरचं कन्नड वाचून तोंडानं मराठी बोलण्याची सवय आहे त्यांना. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावच्या सरकारी नावाच्या शेवटी एक वेलांटी वाढली (बेळगावी), तीसुद्धा ही मुलं वाचताना लावतात आणि बोलताना काढून ठेवतात.

वर्गातला माझा सगळ्यात आवडता क्षण 'वारस'चा. माझ्या यादीत त्याचं उत्तर होतं 'सवार'. ते आलंच. मग मागं बसलेल्या एका मुलीनं हात वर केला आणि म्हणाली, "सरवा." बेळगावहून येणाऱ्या मुलांनी तिच्याकडं बघितलं. सरवा म्हणजे काय? तिनंच समजावलं: शेंगा काढून झाल्या की मातीत ज्या राहतात त्या वेचायच्या, तो सरवा. आजीबरोबर ती दरवर्षी जाते. वा, र, स उलटे वाचले की स, र, वा, इतका सरळ शब्द, आणि शहरातल्या एकालाही दिसला नव्हता. मेझ्नर आणि ट्रेसेल्ट यांनी १९५८ मध्ये मांडलं होतं की जो शब्द भाषेत जास्त वापरला जातो तो विस्कटलेल्या अक्षरांतून लवकर सापडतो. ते वारंवारता छापलेल्या मजकुरातून मोजतात. सरवा पेपरात कधी येणार? तो रानात येतो. त्या मुलीसाठी 'सवार' हा पुस्तकातला शब्द होता आणि सरवा रोजचा. शब्दकोड्यांची पानं रचणारे लोक शहरात बसतात, म्हणून त्यांच्या उत्तरांत सरवा नसतो, असा माझा ठाम समज झाला आहे. सुगी, कणगी, मोट हे शब्द त्यात दिसले तर 'जुना शब्द' अशा सूचनेखाली दिसतात.

उत्तर कसं सुचतं, याचं मुलांना फार कुतूहल. एक जण विचारायचा, "मॅडम, मी बघतच नव्हतो, आपोआप कसं आलं?" २००४ मध्ये मार्क बीमन, जॉन कुनियोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या विजेच्या हालचाली टिपून बघितल्या होत्या. त्यांची कोडी शब्दांचीच होती, पण वेगळी, तीन शब्दांना जुळणारा चौथा शोधायची. उत्तर झटक्यात सुचलं असं लोक म्हणाले, तिथं ते सांगण्याच्या साधारण ०.३ सेकंद आधी उजव्या कानाच्या वरच्या भागात जोराची हालचाल दिसली. पायरी-पायरीनं शोधून काढलेल्या उत्तरांच्या वेळी ती तशी दिसली नाही. मुलांनी लगेच आपापल्या उजव्या कानाच्या वर हात लावून बघितला. त्यानंतर कुणी अडलं की बाकीचे ओरडायचे, "कान चोळ, कान चोळ!"

पायरी-पायरीनं शोधायचीही एक रीत आहे आणि ती मी मुद्दाम शिकवली. 'ळ' आणि 'ण' या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाही. त्यामुळं तुकड्यांत ळ दिसला की तो पहिल्या जागेवरून आधी उठवायचा. तीन तुकड्यांच्या सहा मांडण्या होतात, ळ पहिला असलेल्या दोन गेल्या, उरल्या चार. हिशेबी मुलांना हे फार आवडलं. बाकीच्यांना कान चोळणंच बरं वाटत होतं.

मधल्या सुटीनंतर मोठ्या मुलांना मी गॅलिलिओची गोष्ट सांगितली. १६१० मध्ये त्याला दुर्बिणीतून शनी तिहेरी दिसला, मध्ये एक मोठा आणि दोन्ही अंगांना दोन छोटे. शोध आपला आहे हे नोंदवायचं होतं, पण पूर्ण खात्री होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नव्हतं. त्यानं लॅटिन वाक्याची अक्षरं विस्कटून खगोलशास्त्रज्ञ केप्लरसारख्या लोकांना पाठवून दिली. केप्लरनं ती सोडवली, पण उत्तर काढलं भलतंच: मंगळाला जुळी मुलं, म्हणजे दोन चंद्र. गंमत अशी की मंगळाला खरोखरच दोन चंद्र आहेत. ते सापडले १८७७ मध्ये. आणि शनीच्या अंगाशी गॅलिलिओला जे दिसलं ती कडी होती, हे हायगेन्सनं ओळखलं. त्यानंही १६५६ मध्ये आपला शोध आधी विस्कटलेल्या अक्षरांतच जाहीर केला आणि १६५९ मध्ये उलगडला. मुलांनी मग आपापली गुपितं विस्कटून एकमेकांना द्यायचा धडाका लावला. बरीचशी गुपितं कुणाच्या आंब्याच्या झाडाबद्दल होती.

एक खेळ तुकड्यांशिवायचा. मोरोपंत पन्हाळ्याचे, म्हणजे आपल्या शेजारचेच, नंतर बारामतीला स्थायिक झाले. त्यांनी रामायणं लिहिली ती शंभरावर, एकेका रामायणाला एकेक अट घालून. त्यातलं एक निरोष्ठ, ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळून लिहिलेलं. राम या नावातच म आहे, तो घेता येत नाही आणि रामायण तर सांगायचंय! त्याही आधी दंडी या संस्कृत लेखकाच्या दशकुमारचरितात एक कुमार आपली सगळी गोष्ट ओठ न मिटता सांगतो, कारण प्रेयसीनं चावलेले त्याचे ओठ दुखत असतात. (हे कारण मी मुलांना सांगितलं नाही, ओठ फुटले होते एवढंच म्हटलं.) आम्ही नियम केला: ओठाला ओठ लागता कामा नये, आणि जिल्ह्यातली गावं सांगायची. बेळगाव पहिल्याच फटक्यात बाद. निपाणी, खानापूर, बैलहोंगल, रामदुर्ग बाद. गोकाक चालतं, अथणी चालतं, चिकोडी, कडोली, हलगा चालतात. 'आई' चालते आणि 'बाबा' बाद, यावर बराच वेळ दंगा झाला.

या वर्गांचा मला स्वतःला झालेला त्रास वेगळाच. बसमधून येता-जाता पाट्या नुसत्या वाचता येईनाशा झाल्या. हिंडलगा दिसलं की सांगलीकडच्या माणसाच्या आवाजात 'हिंड, लगा!' ऐकू यायचं. निपाणीत 'नि पाणी'. कारदगा म्हणजे कारनं दिलेला दगा. आणि हुक्केरी तालुक्यातल्या यमकनमर्डीच्या पोटात तर अख्खं यमक लपून बसलंय, कवितेतलं. हे कुणी मुद्दाम लपवलेलं नाही, पण एकदा दिसलं की नाही म्हणता येत नाही.

या त्रासाचा मोठा रुग्ण फर्दिनां द सोस्यूर. आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारा हा जिनिव्हाचा प्राध्यापक, संस्कृतही शिकवायचा. १९०६ ते १९०९ या काळात त्यानं वह्यांमागून वह्या भरल्या, का तर जुन्या लॅटिन कवितांच्या ओळींत देवांची नि वीरांची नावं अक्षरं विखरून लपवलेली आहेत असं त्याला दिसू लागलं. ऋग्वेदाचं पहिलं सूक्तही त्यानं या नजरेनं पाहिलं. तिथं तर लपवालपवीच नाही: अग्निमीळे, अग्निः पूर्वेभिः, अग्निना रयिम्, अग्ने यं यज्ञम्, अग्निर्होता, ऋचेमागून ऋचा अग्नीच्याच एकेका रूपानं सुरू होते. पण लॅटिन ओळींत नावं खरंच पेरलेली होती की कुठल्याही ओळीत शोधलं तर सापडतातच, हे त्याला ठरवता येईना. शेवटी हयात असलेल्या एका कवीलाच विचारावं म्हणून त्यानं १९०९ मध्ये लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या जोव्हानी पास्कोलींना पत्रं लिहिली. हवं ते उत्तर आलं नाही, आणि त्यानं हा नाद सोडला. वह्या तशाच राहिल्या, त्यातला मजकूर लोकांसमोर आला १९६४ नंतर, समीक्षक जाँ स्तारोबिन्स्कींमुळं. मला त्या माणसाविषयी फार आपुलकी वाटते. यमकनमर्डीची पाटी बघून कुणाला पत्र लिहायचं, हे मलाही कळलेलं नाही.

सुटी संपली, वर्ग संपले, पण तुकड्यांचा डबा वाचनालयातच ठेवला. आता टीचरना त्यांच्या शाळेसाठी कन्नड संच हवा आहे. आम्ही दोघी बसलो तर पहिल्याच अक्षराला कळलं की माझा सुट्या कान्याचा तोडगा तिथं कामाचा नाही. कन्नडमध्ये काना शेजारी उभा राहत नाही, तो अक्षराच्या डोक्यावरची शेंडी काढून तिच्या जागी स्वतः वळण घेऊन बसतो. त्याला कात्री लावायला फटच नाही. म्हणजे क, का, कि सगळे वेगवेगळे तुकडे, आणि खोके लागणार कितीतरी जास्त. एक चिन्ह मात्र तिथं सुटं निघतं आणि नेमकं ते आपल्याकडं निघत नाही: आपला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, त्यांचा अर्कावत्तु त्या अक्षरानंतर वेगळा उभा राहतो. टीचरनी त्याचे तुकडे आधी कापून घेतले. म्हणाल्या, "कर्नाटक लिहायला पहिला हाच लागतोय." बाकीच्या अक्षरांसाठी त्या आता साडीच्या दुकानाचा नंबर मागतायत.